रस्त्याचा दिवस

१ सप्टेंबर

वीस तारखेचं विमान आहे आणि आज कळलं की त्यात बसायला नुसतं तिकीट पुरत नाही. कामाच्या परवान्यावर आलेल्या परदेशी माणसाने देश सोडायच्या आधी आयकराचं विवरणपत्र भरायचं, कचेरीने ते तपासायचं, आणि मग 'हिच्याकडे आमचं काही राहिलेलं नाही' असा दाखला द्यायचा. दाखला नसेल तर विमानतळावरून माघारी. हे मला कंपनीच्या साहेबांनी कॉफीच्या मशीनपाशी जाता जाता सांगितलं. सहा महिन्यांत त्यांना फुरसत झाली नव्हती.

ही वही मार्चमध्ये इथे आले तेव्हा घेतली होती. आठ पानं लिहिली आणि टाकून दिली. आज पुन्हा काढली, कारण डोक्यात जे चाललंय ते कुठेतरी उतरवायला हवं.

मी वजनकाटे तपासते. काट्यावर खात्रीचं वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो ते बघायचं, तारीख, आकडा, सही. बावीस वर्षं हेच करतेय. इथल्या औषधांच्या कारखान्यात एकशे चाळीस काटे आहेत, त्यातले एकशे बारा झाले.

घरी फोन केला. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते आणि बाबा झोपलेले. आई म्हणाली, "पडतात हल्ली जरा." जूनमध्ये त्यांना चक्कर आली होती म्हणून मी मध्येच तेरा दिवस घरी जाऊन आले. रक्तदाब निघाला, बाकी काही नाही. गोळी चालू आहे. निघताना बाबांनी विचारलं होतं, आता परत कधी. मी म्हटलं, वीस सप्टेंबरला निघते. त्यांनी ती तारीख रक्तदाबाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली, वर मला दाखवली. त्यामुळे वीसला निघायचं म्हणजे निघायचं.

३ सप्टेंबर

विवरणपत्र सोळा पानांचं आणि ते कसं भरायचं हे सांगणारी पुस्तिका चव्वेचाळीस पानांची. पहिल्या पानावरच 'खाडाखोड चालणार नाही' असं ठळक अक्षरात. पगाराचे आकडे कंपनीने दिले, ते सोपं होतं. घोडं अडलं चौथ्या पानावर: या वर्षात तुम्ही या देशात एकूण किती दिवस होता?

एकशे ब्याऐंशीपर्यंत असाल तर तुम्ही परदेशी. हे विवरणपत्र भरा, दाखला घ्या, सुखाने जा. एकशे त्र्याऐंशी झाले की तुम्ही इथले रहिवासी. मग कागद वेगळे, खिडकी वेगळी आणि दाखल्याला तीन महिने.

मोजलं. आठ मार्चला आले, वीस सप्टेंबरला जाणार, मधली घरची फेरी वजा. एकशे ऐंशी. दोन दिवस राखून सुटले. मोजताना मी येण्याचे-जाण्याचे चारही दिवस सोडून दिले. आमच्या घरात ते मुक्कामात धरत नाहीत. लहानपणी मामाकडे पाच दिवस जायचं म्हटलं की घराबाहेर सात दिवस. बाबा म्हणायचे, "तो दिवस रस्त्याचा. तो ना त्यांचा, ना आपला."

वर्कशॉपमधला म्हातारा फिटर, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, तोही माझ्यासारखाच परका. त्याने अशी सहा विवरणपत्रं भरलीत. तो म्हणाला, "एवढं मोजतेस कशाला? दीडशे लिही आणि मोकळी हो."

"आणि त्यांनी तपासलं तर?"

"तर मग मोजायचं."

याच्या हाताखालचा काटा मी कधीच पास करणार नाही.

५ सप्टेंबर

करकचेरी. तळमजल्यावर टोकन, दुसऱ्या मजल्यावर रांग, अकरा नंबरची खिडकी. खिडकीत पन्नाशीची बाई. तिचा स्टेपलरवर विश्वास नाही. समोर टाचण्यांची उशी, प्रत्येक कागदाला दोन टाचण्या, आणि ओळी मोजायच्या त्याही टाचणीच्या डोक्याने. मी तिचं नाव टाचणीबाई ठेवलं. तेव्हा ठेवलं चेष्टेने.

तिने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "वीस तारखेपर्यंत एकशे सत्त्याण्णव."

मी म्हटलं, चूक आहे. मी जूनमध्ये तेरा दिवस माझ्या घरी होते.

"तुम्ही बाहेर गेल्याची नोंदच नाही."

आणि नोंद खरंच नव्हती. अकरा जूनला मी कंपनीच्या बसने हद्द ओलांडून शेजारच्या देशातल्या विमानतळावर गेले होते. ड्रायव्हरने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, खिडकीत दिले, परत आणले. माझा तिथल्या नोंदीच्या यंत्रात टेकवायचा राहिला असणार. येतानाही तोच ड्रायव्हर, तीच बस. पासपोर्टवर कुठलाच शिक्का नाही, शेजारच्या देशातही हल्ली सगळं यंत्रावरच. माझ्या देशाच्या विमानतळावर तर आपल्याच माणसांना आता शिक्का मारत नाहीत, बोट टेकवलं की फाटक उघडतं. तेव्हा कौतुक वाटलं होतं.

तिकीट दाखवलं. "तिकीट काढलं म्हणजे गेलात असं नाही." रजेचा अर्ज दाखवला. "रजा इथे घरी झोपूनही काढता येते." ती उर्मट बोलत नव्हती, तेच जास्त लागलं. मीही असंच बोलते. काट्यावर जे दिसत नाही ते मी लिहीत नाही.

मग तिने माझं चौथं पान वाचलं. म्हणाली, "आणि तुमचे तेरा दिवस मान्य केले तरी एकशे चौऱ्याऐंशी होतात. येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही इथले धरतात."

"ते तर प्रवासाचे."

"त्या दिवशी तुमचा पाय इथे होता ना? मग तो दिवस इथला."

वाद घालायला जागाच नव्हती. वीसला निघाले तर एकशे चौऱ्याऐंशी, अठराला निघाले तर एकशे ब्याऐंशी. म्हणजे दोन दिवस आधी निघायचं आणि शिवाय जूनमध्ये मी कुठे होते ते सिद्ध करायचं. नाहीतर डिसेंबर. डिसेंबरपर्यंत मी इथे कुठे राहणार, खोलीचा करार महिनाअखेरीला संपतो. घरी येऊन आधी तिकीट अठराचं केलं, मग विवरणपत्र कोऱ्या कागदांवर पुन्हा भरलं: अठरा तारीख, एकशे ब्याऐंशी दिवस.

६ सप्टेंबर

बाबांसाठी शर्ट घेतला. आकाशी, बारीक चौकडी, बेचाळीस नंबर. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान आहे. एक माप लहान मिळतो का बघ. दोन लहान असला तरी चालेल."

धुतल्यावर शर्ट आटतात, उलट मोठा घ्यावा, हे तिला कळायला हवं. मी बदलला नाही. डोक्याला आधीच कमी ताप नाही.

८ सप्टेंबर

विमान कंपनी म्हणते, तुम्ही प्रवास केल्याचं पत्र देऊ, तीस दिवस लागतील. साहेब म्हणतात, सतरापर्यंत उरलेले काटे उरकणार असाल तर अठराला जा, आमची ना नाही. ना नाही म्हणे. ड्रायव्हरला आठवत नाही.

आंघोळ करताना एकदम बाबांची वही आठवली. जूनमध्ये घरी गेले तेव्हा मी बाबांसाठी रक्तदाबाचं यंत्र आणि वजनाचा काटा घेतला, आणि वहीत कामावरच्यासारखे रकाने आखून दिले: तारीख, वरचा दाब, खालचा दाब, वजन, घेणाऱ्याची सही. आई हसली होती, "सही कशाला? घरात आहे कोण दुसरं?" मी म्हटलं, आकडा ज्याने घेतला त्याची सही हवी, नाहीतर तो आकडा कुणाचाच नसतो. बारा जून ते चोवीस जून, तेरा ओळी, तेरा सह्या माझ्या. मी त्या दिवशी तिथे असल्याशिवाय त्या आल्या कुठून?

आईने पान लगेच पाठवलं. माझी सही बघून इतका जीव भांड्यात पडला की खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

९ सप्टेंबर

टाचणीबाईने पान उलटसुलट बघितलं. "वही बारा तारखेलाच सुरू होते. हे पान काल रात्री बसूनही लिहिता येतं."

तिचं बरोबर होतं.

"पुढची पानं आणा," ती म्हणाली. "आजपर्यंतची. रोजची नोंद असेल, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात असेल, तर ही वही खरी आहे असं मला लिहिता येईल. पूरक पुरावा म्हणून चालेल." पुढचं टोकन चौदा तारखेचं मिळालं. त्याच्या आधी एकही नाही.

घरी फोन केला. इथून पुढचं जसंच्या तसं लिहिते, कारण मला आईचं काही समजेनासं झालंय.

"पुढची पानं कशाला हवीत? तू जूनमध्येच होतीस ना?"

"आई, त्यांना वही खरी आहे का बघायचंय."

"आमचे रक्तदाब परक्या माणसांना कशाला दाखवायचे?"

"अगं, कोण वाचतंय ते. तारखा बघणार फक्त."

"वही डॉक्टरांकडे राहिलीय."

"मग काल जूनचं पान कुठून पाठवलंस?"

मग म्हणाली, "संध्याकाळी बघते," आणि फोन ठेवला. संध्याकाळी उचलला नाही. सगळं आयुष्य माझ्या कागदपत्रांसाठी धावलेली बाई, आणि आता ऐन वेळी आडमुठेपणा. बहुतेक रोजची नोंद करायला विसरली असेल आणि मी ओरडेन म्हणून लपवत असेल. तसं असेल तर सगळंच संपलं. मी रागावले आहे आणि घाबरलेही आहे, आणि दोन्हीचं खापर तिच्यावर फोडतेय हेही कळतंय.

१० सप्टेंबर

बाबांनी पाठवली. सकाळी फोन उघडला तर सात फोटो, एकापाठोपाठ एक, पंचवीस जून ते आज. खाली लिहिलं होतं, "तुझी आई देत नव्हती. तुझा कागद अडायला नको. नीट बघून घे." बाबा फोनवर टाइप करत नाहीत, त्यांना दम लागल्यासारखं होतं म्हणे ती बारीक अक्षरं शोधताना. माझ्यासाठी केलं.

मी लगेच उत्तर दिलं: "बाबा, तुम्ही वाचवलंत मला."

त्यांनी अंगठा पाठवला.

११ सप्टेंबर

पानं छापून आणली. जेवणाच्या सुट्टीत बसून एकेका तारखेवर पेन्सिलीने टीक केली. अठ्ठ्याहत्तर दिवस, अठ्ठ्याहत्तर ओळी, एकही गाळलेली नाही. प्रत्येक ओळीला आईची सही. मी काय काय बोलले तिला मनातल्या मनात. ऑगस्टमध्ये काही दिवस दिवसातून दोनदा नोंद केलीय, त्या जादा ओळी वेगळ्या मोजाव्या लागल्या. आईचा उत्साह. शाई तीनदा बदललीय, तेही बरंच झालं. एका रात्रीत लिहिलेल्या वहीत शाई बदलत नाही. उस्तादला दाखवलं तर म्हणाला, "तुझ्या आईला नोकरीवर ठेवायला हवं."

आईला फोन करून सॉरी म्हटलं. मी पानं बघितली कळल्यावर ती एकदम म्हणाली, "बघितलीस? सगळी?"

"सगळी. एक दिवसही चुकवला नाहीस तू."

मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "हो. चुकवला नाही."

१२ सप्टेंबर

एकशे तेहतीस काटे झाले. गोळ्यांच्या लाइनवरचा एक काटा तीन दशांश ग्रॅम कमी दाखवत होता. तीन महिन्यांच्या नोंदी काढून बघितल्या तर रोज थोडा थोडा सरकत आलाय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. लाइन बंद करायला लावली. साहेब चिडले. मी त्यांना सांगितलं, एकेका दिवसाचा आकडा बघाल तर काहीच दिसणार नाही, रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचा असतो.

बाबा फोनवर आले, अगदी थोडा वेळ. आवाज बसलाय. म्हणाले सर्दी आहे. विचारलं, "वही पोचली ना नीट?" म्हटलं, पोचली. म्हणाले, "मग ठीक." आणि फोन आईकडे दिला.

१४ सप्टेंबर, दुपार

कचेरीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आधी झालं तसं लिहिते.

टाचणीबाईने पानं ओळीने मांडली. टाचणीच्या डोक्याने तारखांवरून खाली आली, एकही ओळ सोडली नाही. माझी सही कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते बघितलं. शाई बघितली. म्हणाली, "ही वही खरी आहे."

"नोंदीसाठी प्रत्येक रकाना काय आहे ते सांगा," ती म्हणाली.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. तारीख. वरचा दाब. खालचा दाब. वजन. सही.

"वजन किलोत?"

"हो."

टाचणी चौथ्या रकान्याच्या वरच्या टोकाला गेली. मग खाली आली, हळूहळू. पान बदललं, खाली आली. पुन्हा पान बदललं. मला वाटलं तिला काही खोट सापडली.

"हे कोण तुमचे?"

"वडील."

"तुम्ही काम काय करता म्हणालात?"

"वजनकाटे तपासते."

तिने पानं माझ्याकडे फिरवली आणि टाचणी जिथे होती तिथे तशीच ठेवली.

बारा जून, माझ्या अक्षरात, ६८.४. चोवीस जून, माझ्या अक्षरात, ६८.१. जुलैअखेर ६४.०. ऑगस्टच्या पंधराला ६१.२, आणि ज्या दिवशी दोनदा नोंद होती त्या दिवशी दुसऱ्या ओळीत फक्त वजनच पुन्हा केलेलं, बाकी रकाने रिकामे. ऑगस्टअखेर ५८.९. दहा सप्टेंबर, ५४.७.

प्रत्येक तारखेवर माझी पेन्सिलीची टीक होती. एकूण एक तारखेवर.

मी काय बोलले आठवत नाही. बाई म्हणाली, "तुम्ही अठराला निघणार लिहिलंय." मी मान हलवली. "त्याच्या आधीचं विमान असेल तर बघा. बघून सांगा, मी थांबते." मी फोनवर बघितलं. उद्या संध्याकाळी एक जागा होती. तिने माझं सोळा पानी विवरणपत्र ओढलं, जाण्याच्या तारखेतला अठरा स्वतःच्या पेनाने खोडला, वर पंधरा लिहिला, एकशे ब्याऐंशी खोडून एकशे एकोणऐंशी लिहिलं, आणि दोन्हीकडे बाजूला आपली सही केली. शिक्का मारला. दाखला दोन टाचण्यांनी पासपोर्टला लावून दिला.

"खाडाखोड चालत नाही ना?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"ज्याने केली त्याची सही असली की चालते," ती म्हणाली आणि पुढचं टोकन पुकारलं.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ

आईला फोन केला. मी काहीच विचारलं नाही. आधी काटा. घरचा काटा स्वस्तातला आहे, त्याची स्प्रिंग ढिली पडू शकते, तीन महिन्यांत सहज सरकतो तो. मी तिला सांगितलं, मापाची दहा लिटरची बादली घे, रिकामी ठेव, आकडा बघ, मग भरून ठेव. दहा किलोचा फरक यायला हवा. नऊ आला, आठ आला तर काटा खोटा.

"दहा येतो," आई म्हणाली.

"ठेवून बघ ना आधी."

"अगं, बघितलंय मी. जुलैत बघितलं, ऑगस्टमध्ये दोनदा बघितलं. तूच शिकवून गेली होतीस ना. काटा बरोबर आहे."

मग ती रडली, आणि मीही. पोटाचं आहे. तपासण्या झाल्यात, पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय. तुझं काम पुरं होईपर्यंत सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं. "आणि मग पानं त्यांनीच पाठवली," आई म्हणाली. "मी आत होते. मला न सांगता पाठवली."

साहेबांना कळवलं की सात काटे राहिले. त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर

विमानतळ. खिडकीतल्या माणसाने दाखला बघितला, टाचण्या काढून बाजूला ठेवल्या, पासपोर्ट यंत्रात टेकवला. मी त्याला विचारलं, नोंद झाली ना? तो म्हणाला, झाली. मी म्हटलं, मला पडद्यावर दाखवा. त्याने दाखवली.

शर्ट बेचाळीस नंबरचाच बॅगेत आहे. बदलायला वेळ नव्हता.

१६ सप्टेंबर

घरी. पहाटे पोचले. आई दारात उभी होती, बाबा आत खुर्चीत. मी आत गेले आणि त्यांच्याकडे बघितलं, आणि मला काट्याची गरज पडली नाही.

तरी आठ वाजता नोंद केली, कारण ते वाट बघत होते. मी हात धरून काट्यावर चढवलं. १३० वर, ८० खाली. ५३.९. घेणाऱ्याची सही माझी. त्यांनी माझी सही होईपर्यंत वही धरून ठेवली.

नंतर आई आत गेल्यावर विचारलं, "बाबा, तुम्ही पाठवलीत तेव्हा तुम्हाला वाटलं होतं मी बघीन?"

"तुझं कामच ते," बाबा म्हणाले. "मला वाटलं, सकाळी पाठवतोय, दुपारपर्यंत फोन येईल." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "जाऊ दे गं. चारच दिवस गेले."

त्यांनी शर्ट घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. म्हणाले, रंग छान आहे. मी बाह्या दुमडत होते तेव्हा विचारलं, "किती दिवस आहेस?"

"आता आहे मी."

"तसं नको. मोजून सांग. उद्यापासून धर. आजचा रस्त्याचा."

"नाही," मी म्हटलं. "आजपासून धरायचं."

त्यांनी थोडा विचार केला आणि वहीच्या पुठ्ठ्यावरची वीस तारीख खोडून तिथे सोळा लिहिली. मी पेन घेतलं आणि बाजूला सही केली.